कमालचा भाऊ किमान

माझं नाव कमाल. हे नाव घेऊन जळगावात उन्हाळा काढणं म्हणजे काय, ते इतर गावांतल्या कमालांना कळणार नाही. होळी झाली की आमच्याकडे ऊन चढायला लागतं आणि रोजच्या पेपरात, फोनवर, पानटपरीवर माझंच नाव चालू होतं. मी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवतो. मार्च-एप्रिलमध्ये वर्गात पाय ठेवला की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, आज तुम्ही किती?" मीही आता सरावलो आहे. "त्रेचाळीस," म्हणतो आणि फळा पुसायला घेतो.

आम्ही पारोळ्याचे. जातीने पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या, उशा, रजया भरायच्या, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. नमाज अरबीत, लग्नपत्रिका उर्दूत आणि मराठीत, पण घरातलं बोलणं सगळं अहिराणीत. मी लहान असताना घरी एक रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी हवामान सांगत. "जळगाव इथे कमाल तापमान" एवढे शब्द आले की भाकरी थापणाऱ्या मायचा हात थांबे. ती म्हणे, "आयक, तुनं नाव उनं." तापमानाबद्दल सांगताहेत हे तिला कळत होतं. तरी रेडिओवर रोज आपल्या पोराचं नाव घेतात याचा तिला आनंद होता, आणि तो तिने कधी लपवला नाही.

नाव ठेवलं अब्बांनी. अब्बा शाळेत गेलेले नाहीत. मी जन्मलो तेव्हा ते मशिदीत मौलानांकडे गेले. मौलानांनी चार-पाच नावं सुचवली. त्यातलं अब्बांना ओळखीचं वाटलेलं एकच, कारण तो शब्द ते रोज वापरत. गिऱ्हाईक गादीचा भाव पाडून मागायला लागलं की अब्बा म्हणत, "कमाल शे भो तुमनी." त्यांनी मौलानांना विचारलं, ह्या शब्दाचं नाव ठेवता येतं का? मौलाना म्हणाले, येतं, पुष्कळांचं असतं. अरबीत कमाल म्हणजे पूर्णत्व. ज्यात काही उणं राहिलेलं नाही असं. अब्बांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे ठासीन भरेल गादी." मौलाना हसले आणि म्हणाले, तसंच समजा. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. पुरेपूर असणं हे फक्त अल्लाचं. माणसाचं नाव कमाल ठेवतात ती दुआ असते, दाखला नव्हे. अब्बा हा सगळा प्रसंग आजही पाहुण्यांना सांगतात. गादीचं वाक्य न चुकता सांगतात, दाखल्याचं विसरतात.

मराठीत येऊन ह्या शब्दाने कुठे कुठे घर केलं आहे ते मला शाळेत गेल्यावर कळू लागलं. कोणी काही विशेष केलं की कमाल केली. कोणी मूर्खपणा केला तरी कमाल केली. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत, रस्त्याच्या कडेला कमाल वेगमर्यादा, आणि पुढे नोकरीच्या जाहिराती वाचायला लागलो तेव्हा त्यांत कमाल वयोमर्यादा. बरेच जण मला कमल समजत, तो त्रास वेगळाच. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा माइकवरून "कुमारी कमल" असं पुकारलं गेलं. मी हाफ पँटमध्ये स्टेजवर चढलो. पाहुण्यांनी बक्षीस हातात धरून ठेवलं आणि माझ्या मागे कोणी मुलगी येते आहे का ते वाकून पाहिलं.

पण ह्या नावाचा खरा भार मी उचलला नाही. तो माझ्या धाकट्या भावाने उचलला.

त्याचं खरं नाव इथे लिहायचं नाही, असं त्याने मला सांगितलं आहे. तेही अरबीच आहे आणि त्याचा अर्थ धीर धरणारा. तो पाचवीत आमच्या शाळेत आला तेव्हा मी आठवीत होतो. विज्ञानाच्या सरांनी पहिल्या दिवशी त्याला उभं केलं. "तू कमालचा भाऊ ना?" तो "हो सर" म्हणाला. सर म्हणाले, "मग तू किमान." सर फार चांगले होते. मला त्यांनी आपली पुस्तकं वाचायला दिली, पुढे शिकायला लावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. पण वर्ग हसला, दुपारच्या सुट्टीत शाळेला कळलं आणि दिवाळीपर्यंत पारोळ्याच्या बाजारपेठेला. तेव्हापासून माझा भाऊ किमान झाला. चहावाला त्याला किमान म्हणे, क्रिकेटच्या टीमच्या यादीत तो किमान, एवढंच काय मायसुद्धा रागावली की "ए किमान" म्हणून हाक मारी.

अब्बाही मारत. आमच्या ओट्यावर पिंजायचं यंत्र चालू असे. त्याच्या आवाजात हाक पोहोचावी म्हणून ते मोठ्याने ओरडत. त्यांच्या तोंडून तो शब्द नीट येत नसे. स्टेशनला ते टेशन म्हणत, तसंच हेही असेल असं आम्ही धरून चाललो.

भावाने ते सगळं हसून घेतलं. तो माझ्यापेक्षा जास्त विनोदी. बिस्किटाचा पुडा उलटा करून म्हणे, "भाऊ, तुझी किंमत पाच रुपये छापली आहे. माझी छापतच नाहीत, मी भाव करून मिळतो." दहावीनंतर तो अब्बांबरोबर यंत्रावर बसला. त्याला अभ्यास आवडत नव्हता असं तो सांगतो आणि ते खरंही असेल. पण तो बसला म्हणून मी धुळ्याला कॉलेजात जाऊ शकलो, हेही तितकंच खरं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवीदान झालं त्या दिवशी तो ट्रकमधून गाद्या पोहोचवायला गेला होता. परत आल्यावर त्याने माझा तो काळा झगा घातलेला फोटो पाहिला आणि म्हणाला, "ह्याची खोळ कोणी शिवली रे? खांद्यात ढिली आहे."

त्याच्या लग्नाचं पाहायला लागलो तेव्हा मात्र हसणं थांबलं. एका गावाहून पाहुणे येऊन गेले. बोलणी चांगली झाली. जाताना त्यांच्यातला एक जण अंगणात चपला घालता घालता दुसऱ्याला म्हणाला, "मोठा मोकळा असता तर देऊन टाकली असती. हा तर नावानेच किमान." भाऊ दाराआड पाण्याचे ग्लास उचलत होता. त्याने ऐकलं. त्यानंतर त्याने त्या नावाने मारलेल्या हाकेला हसणं सोडलं, पण वळून पाहणं काही सुटलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

मग शिंदखेड्याची मुलगी सांगून आली. सांगून आली असं आम्ही म्हणतो, पण खरं तर तिला भावाने आधीच पाहिलं होतं. तिच्या आतेबहिणीच्या लग्नासाठी गाद्यांची ऑर्डर होती. भाऊ माल उतरवत असताना ही बाहेर आली, तिने एकेक गादी दाबून पाहिली आणि एका गादीवर हात ठेवून म्हणाली, "हा कोपरा पोकळ आहे." भाऊ म्हणाला, बसून बसून बसेल. ती म्हणाली, "बसून आणखी पोकळ होईल." त्याने ती गादी परत आणली, उसवली, कापूस भरला, दाभणाने पुन्हा टाके घातले आणि एका गादीसाठी टेम्पो घेऊन पुन्हा शिंदखेड्याला गेला. तेव्हाच माझ्या बायकोला शंका आली. ती म्हणाली, "एवढं डिझेल कोणी एका कोपऱ्यासाठी जाळत नाही."

मे महिन्यात आम्ही टेम्पोतून मुलगी पाहायला निघालो. अब्बा, माय, मी, माझी बायको आणि भाऊ. धुळं मागे टाकून सोनगीरला चहाला थांबलो. माय तांब्या-पितळेच्या दुकानात शिरली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेचा डबा होता आणि कोणी विचारण्याआधीच ती म्हणाली की मुलीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. चहा घेताना भावाने सगळ्यांना समोर बसवलं. असा गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"एकच गोष्ट," तो म्हणाला. "त्या घरात कोणीही मला किमान म्हणायचं नाही. चुकूनही नाही. भाऊ, तू तर हवामानावरच बोलायचं नाही."

"मे महिन्यात हवामानावर नाही बोलायचं तर काय बोलायचं?" मी विचारलं.

"कापसावर बोल. केळीवर बोल. माय, तू रागावू नको फक्त, म्हणजे झालं."

"मी कशाले रागवसू?" माय म्हणाली.

मग त्याने अब्बांकडे पाहिलं. "आणि अब्बा, तुम्हीपण."

अब्बा बशीतला चहा फुंकत होते. "मी कोठे म्हनस किमान?" ते म्हणाले. "मी कधीच म्हनत नही."

आम्ही सगळे हसलो. माझी बायको ओढणी तोंडाशी धरून हसली. दिवसातून दहा वेळा ओट्यावरून ज्यांची हाक ऐकू येते, तेच हे म्हणत होते. अब्बांना आम्ही का हसतो ते कळलं नाही. त्यांनी चहा संपवला.

मुलीचं घर गावाच्या कडेला होतं. वडील शेतकरी, अंगाने दणकट, डोक्याला पांढरा रुमाल. बैठकीत कूलर लावला होता आणि त्याच्यासमोरची खुर्ची भावासाठी ठेवली होती. पोहे आले, शेव आली, सरबत आलं. मुलगी ट्रे घेऊन आली, सगळ्यांना सलाम करून आतल्या दाराशी आपल्या आईजवळ बसली. तिने बी.ए. केलं होतं. माझ्या बायकोने तिला विषय विचारला, ती भूगोल म्हणाली आणि माझा जीव टांगणीला लागला. मी घाईने कापसाचा विषय काढला. मुलीच्या वडिलांनी थोडा वेळ कापसावर सांगितलं आणि मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "ह्या साली ऊन भलतंच शे. काल कमाल कितलं व्हतं?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते मी पोह्याच्या घासाबरोबर गिळलं. भावाने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच शाबासकी दिली.

मग मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे मुलाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ह्या बैठकीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तरी विचारायचं असतं. ते भावाकडे वळून प्रेमाने म्हणाले, "तुमनं नाव काय शे, भाऊ?"

भाऊ ताठ बसला. घसा साफ केला.

"किमान," तो म्हणाला.

मायने पदर ओठांत धरला. भावाला आपण काय बोललो ते कळायला क्षण लागला आणि कळल्यावर तो इतका लाल झाला की मला वाटलं, आता उठून टेम्पोत जाऊन बसेल. त्याने अख्ख्या घराला बजावलं होतं, फक्त स्वतःला बजावायचं राहिलं होतं.

"किमान?" मुलीचे वडील म्हणाले. "हाई कसं नाव?"

मी तोंड उघडलं. तापमानापासून सुरू करावं की विज्ञानाच्या सरांपासून, हे माझं ठरत नव्हतं. तेवढ्यात अब्बा बोलले. त्यांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी सहज, अभिमानाने म्हणाले, "किमान नही. कमान. आम्हना गावमा बठ्ठा त्याले कमानच म्हंतस."

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो.

आमच्या घरात भिंतीवर आजोबांची कमान टांगलेली आहे. यंत्र येण्याआधी त्याच लाकडी धनुष्याने कापूस पिंजत. तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कापसाला लावून लाकडी मोगरीने हाणली की टणत्कार होई आणि कापूस सुटून हवेत उडे. आजोबा ती खांद्यावर टाकून गावोगाव फिरत, दारोदार गाद्या उसवून भरून देत. अब्बा तेच सांगू लागले. "मना बाप कमान लई फिरना, तवय आम्हनं बठ्ठं घर चालनं. आते ती भिंतले टांगेल शे. पन हाऊ शे ना." त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "मोठा कमाल शे, तो शिकना. धाकला कमान शे, त्यानावर घर चालस. गावनी सोताच नाव ठेवं. मी नही ठेवं."

मला तेव्हा कळलं की अब्बांना स्टेशन म्हणता येत नसेल, पण हा शब्द ते नीटच म्हणत होते. यंत्राच्या खडखडाटात पोरांनी मारलेली हाक त्यांनी ऐकली ती कमान म्हणून. किमान म्हणजे काय, ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, गावाने आपल्या धाकट्याला आपल्या बापाच्या अवजाराचं नाव दिलं आणि पिंजाऱ्याच्या पोराला याहून मोठा मान कोणता. इतकी वर्षं आम्ही ज्याला त्यांचा बोबडा उच्चार समजत होतो, ते त्यांचं कौतुक होतं. सोनगीरला ते खरंच बोलले होते.

भाऊ अब्बांकडे बघत राहिला. त्याचा लाल रंग उतरला नव्हता, पण आता तो वेगळ्या कारणाचा असावा. त्याने पोह्याची बशी उचलली. ती रिकामी होती.

तेवढ्यात आतल्या दाराशी कोणीतरी हसलं. मुलगीच होती. तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं, पण तिला राहवेना.

"माझ्या फोनमध्ये तर किमान आहे," ती म्हणाली. "किमान गादीवाला, पारोळा. तुमच्या बाजारपेठेतल्या मारवाडी शेठजींनी नंबर दिला होता, त्यांनी तसंच सांगितलं. मला वाटलं, भाव किमान असेल म्हणून म्हणतात. म्हणून तर तुमच्याकडे ऑर्डर दिली."

"मग?" माझ्या बायकोने विचारलं.

"मग काय. भाव कमाल निघाला."

मुलीचे वडील आधी हसले आणि मग हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडाशी नेला. माय हसली. अब्बांना विनोद कळला नाही, पण भावाबद्दल चर्चा चांगली चालली आहे एवढं कळलं आणि तेही हसले. भाऊ पहिल्यांदाच सरळ त्या मुलीकडे पाहून म्हणाला, "कोपऱ्यात जास्तीचा कापूस गेला, त्याचे धरले नाहीत."

"ते मी पाहिलं," ती म्हणाली. "म्हणूनच आज पोहे केले."

अब्बांना आम्ही खरी गोष्ट सांगितली नाही. परतीच्या वाटेवर मी सांगायला निघालो होतो. शिक्षकाला चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. भावाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे भाऊ. आयुष्यात पहिल्यांदा मला चांगलं नाव मिळालं आहे, ते तू फळ्यावर लिहून पुसू नको." कमाल हा शब्द अरबीतून आला ते मला माहीत आहे. किमान कुठून आला ते मी शोधलं, पण माझं समाधान होईल असं काही सापडलं नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर तो विज्ञानाच्या सरांकडून आला आणि ओट्यावर येता येता बदलला.

निकाह पावसाळा संपल्यावर झाला. मांडवात काझीसाहेबांनी भावाचं खरं नाव, त्यापुढे अब्बांचं नाव असं रीतसर घेतलं आणि कबूल आहे का म्हणून विचारलं. भाऊ नवरदेवाच्या जागी बसून इकडे तिकडे पाहत होता. काझीसाहेबांनी पुन्हा विचारलं. लोक कुजबुजायला लागले. मग मागून अब्बांचा, यंत्रावरून मारतात तसा मोठा आवाज आला, "कमान, तुले विचारी राहिनात."

"कबूल आहे," भाऊ म्हणाला.

परवा मी पारोळ्याला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. भाऊ ओट्यावर गादीला टाके घालत होता आणि त्याची बायको हिशेबाचे फोन घेत होती. आता गादीचे कोपरे तीच दाबून पाहते, आणि तिने मान हलवल्याशिवाय माल टेम्पोत चढत नाही. तिने मला सरबत दिलं आणि फोन पुढे केला. "भाऊ, तुम्ही मराठी शिकवता. हे बरोबर आहे का बघा."

फोनवर माझ्या भावाचा नंबर होता. बाकी सगळं पूर्वीचंच होतं, गादीवाला, पारोळा. तिने फक्त पहिल्या अक्षराची वेलांटी काढून टाकली होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.